गाडी थंड असताना बघा
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं होतं, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, ए.आय.वर दहा मिनिटं बोल." मी हो म्हटलं होतं. पण परवा पुण्याहून येताना मनाशी ठरवलं की ए.आय.वर बोलणारे पुष्कळ आहेत. जवळजवळ तीस वर्षांनी या पटांगणात उभं राहायला मिळतंय, तर जे माझ्याशिवाय दुसरं कुणी सांगणार नाही ते सांगावं. म्हणून आज मी जुन्या गाड्यांवर बोलणार आहे. हसू नका. गेल्या वर्षभरात आपल्या ग्रुपमधल्या चौघांनी मला एकच प्रश्न विचारलाय, "अगं, दहा-बारा वर्षांची मोठी गाडी स्वस्तात मिळतेय, घेऊ का?" त्या चौघांना मी फोनवर अर्धवट उत्तरं दिली. आज पूर्ण देते.

हा प्रश्न आपल्याच भागात इतका का निघतो, तेही बघण्यासारखं आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादमध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरमध्ये, उद्योजक, डॉक्टर, व्यावसायिक मंडळींनी एकत्र येऊन एकाच वेळी १५० मर्सिडीज घेतल्या होत्या. सुमारे ६५ कोटींचा तो व्यवहार देशभर गाजला. मराठवाड्यात मोठी गाडी घेणारी माणसं आहेत हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं. त्या सुमारास अशा कितीतरी गाड्या पुण्यामुंबईत, संभाजीनगरात, आपल्या जालन्यातही रस्त्यावर आल्या. आज त्या पंधरा वर्षांच्या झाल्यात. पहिल्या मालकांनी केव्हाच नवीन घेतल्या. जी गाडी तेव्हा चाळीस लाखांची होती, ती आज नव्या छोट्या गाडीच्या भावात मिळते. मोह होणारच. मलाही झाला होता.

२०१८ साली मी पुण्यात अशीच एक गाडी घेतली. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता. २०१० चं मॉडेल, डिझेल, ऑटोमॅटिक, मीटरवर ६२ हजार किलोमीटर, किंमत साडेनऊ लाख. मी पोहोचले तेव्हा विक्रेत्यानं गाडी आधीच सुरू करून, ए.सी. लावून, गार करून ठेवली होती. "मॅडम, तुम्हाला उन्हाचा त्रास नको." मला ते अगत्य वाटलं. मी सनरूफ उघडून पाहिलं, सीटवर हात फिरवला, सोसायटीभोवती एक चक्कर मारली आणि टोकन दिलं. सगळं मिळून वीस मिनिटं लागली असतील.

पहिल्याच दिवाळीला ती गाडी घेऊन जालन्याला आले. माझे वडील, आमचे अण्णा, एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे. अण्णांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि एकच विचारलं, "बाई, थंडी असताना पाहिली होती का?" मी म्हटलं, "अण्णा, या गाड्यांचं तसं नसतं, सगळं कॉम्प्युटरवर असतं." ते काही बोलले नाहीत. मी मात्र दुसऱ्या दिवशी गाडी या शाळेच्या फाटकासमोर उभी केली, फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. किती अंगठे आले ते मला आजही आठवतं, यावरूनच मी गाडी कशासाठी घेतली होती ते तुम्हाला कळेल.

आठ महिन्यांनी गिअर बदलताना धक्के बसायला लागले. वर्कशॉपमध्ये नेली. त्यांनी कंपनीचा स्कॅनर लावला. मीटरवर ७० हजार होते, पण गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटमध्ये दीड लाखाच्या आसपास नोंद होती. डॅशबोर्डचा आकडा कुणीतरी मागे फिरवला होता, आतल्या नोंदीला मात्र कुणी हात लावला नव्हता. दुरुस्तीचा अंदाज निघाला सव्वाचार लाख. मी गाडी तीन लाखांना विकून टाकली. आणि ग्रुपवर लिहिलं, "पार्किंगचा त्रास होतो म्हणून विकली."

ही माझी थाप होती. इतकी वर्षं ती कुणाला सांगितली नाही. ती नुसती थाप राहिली असती तर आजही सांगितली नसती.

आपल्याच वर्गातला एक मित्र आज या मांडवात बसलाय. त्याची परवानगी घेतली आहे, नाव घेणार नाही असं कबूल केलंय. त्याची मोसंबीची बाग आहे. माझा फोटो बघून, काही महिन्यांनी त्यानं तशीच गाडी सात लाखांना घेतली. जवळ साठवलेले पैसे होते, काही उसने. गाडी पाच महिने नीट चालली आणि एका रात्री बदनापूरच्या पुढे बंद पडली. त्यानं आपल्याकडे सगळे करतात तेच केलं, ट्रॅक्टर बोलावला आणि दोर लावून वीस-बावीस किलोमीटर गाडी ओढत आणली. त्या जातीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद आणि चाकं फिरताहेत, म्हणजे आतले भाग तेलाविना घासताहेत. मूळ बिघाड एका पंपाचा होता. घरी पोहोचेपर्यंत गिअरबॉक्सही गेला. त्या वर्षी मुलीच्या कॉलेजच्या प्रवेशासाठी त्याला बागेतला माल आधीच, कमी भावानं व्यापाऱ्याला द्यावा लागला. गाडी आजही शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे.

मला हे कळलं गेल्या वर्षी, या मेळाव्याच्या वर्गणीसाठी फोन केला तेव्हा. मी त्याला विचारलं, "अरे, घ्यायच्या आधी तपासली नाहीस का?" तो म्हणाला, "तू घेतली होती ना. तू इंजिनिअर. तू पाहूनच घेतली असशील, म्हणून म्या घेतली."

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी पार्किंगऐवजी खरं कारण लिहिलं असतं, तर त्यानं ती गाडी घेतली नसती. म्हणून आज हे भाषण.

आता कामाचं बोलू. माझी चूक काय झाली ते उलटं केलं की तपासणीची यादी तयार होते.

पहिलं, अण्णांचं वाक्य. गाडी थंड असताना बघा. सकाळी, रात्रभर उभी असलेली. पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर चहा घेऊन घरी या, दुसऱ्या दिवशी जा. इंजिन गरम असलं की चेनचा खडखडाट, सुरुवातीचा निळा धूर, गिअर पडायला होणारा उशीर, सगळं झाकलं जातं. विक्रेत्यानं माझ्यासाठी ए.सी. लावून ठेवला होता तो उन्हासाठी नव्हता. थंड इंजिन सुरू करताना एकजण मागे उभा राहून धूर बघू दे. निळा धूर म्हणजे तेल जळतंय. पांढरा धूर, ज्याला गोडसर वास येतो आणि जो थांबत नाही, तो म्हणजे कूलंट आत जातंय. तेलाचं झाकण उघडा, आत दुधाळ चिकट थर दिसला तर मागे फिरा. मग ब्रेक दाबून डी मध्ये टाका, मग आर मध्ये. उशीर किंवा धक्का असेल तर तिथेच कळतं. एअर सस्पेन्शनची गाडी असेल तर सकाळी ती चारही कोपऱ्यांवर सारखी उभी आहे का ते बघा. एक कोपरा खाली बसलेला असेल तर हवा गळतेय.

दुसरं, कागद. आर.सी. वरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः ताडून बघा. एम-परिवहनवर वाहनाची नोंद बघा. बँकेचा बोजा, म्हणजे एच.पी., चढलेला असेल तर तो उतरल्याचा फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र हाती येईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका. ई-चलनं थकलेली आहेत का बघा. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून घ्या आणि नावावर गाडी लगेच चढवा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, नंतर फिटनेस करून पाच-पाच वर्षांसाठी वाढवावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून त्याची फी कारसाठी ५ हजार रुपये झाली, वर पर्यावरण कर वेगळा. २०१० ची गाडी आज कुणी स्वस्तात देत असेल तर हेही एक कारण असतं. दिल्लीची गाडी असेल तर आणखी सावध राहा. दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर तिथे बंदीचे आदेश निघाल्यावर त्या गाड्या इतर राज्यांत येऊ लागल्या. एन.ओ.सी. लागते, इथे नव्यानं नोंदणी लागते, कर लागतो. तो खर्च किमतीत धरा.

विम्याची पॉलिसीही वाचा. त्यात नो क्लेम बोनस किती टक्के आहे ते लिहिलेलं असतं. ५० टक्के म्हणजे सलग पाच वर्षं क्लेम नाही. मालक म्हणतोय "कधीच अपघात नाही" आणि बोनस शून्य आहे, तर का ते विचारा.

तिसरं, मीटर. आकड्यावर विश्वास ठेवू नका, झिजेवर ठेवा. ब्रेक पेडलचं रबर, स्टिअरिंगचं चामडं, ड्रायव्हरच्या सीटची बाहेरची कड. साठ हजार सांगणाऱ्या गाडीचं पेडल गुळगुळीत झालं असेल तर पेडल खोटं बोलत नाही. सर्व्हिसच्या नोंदी कंपनीच्या वर्कशॉपमधून तारखेनिशी मागा. टायरवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी खोल दिसली तरी सहा-सात वर्षांपूर्वीचा टायर घेऊन समृद्धीवर ताशी १२० नं जाऊ नका.

चौथं, पाणी. सांगली-कोल्हापुरात २०१९ ला, चिपळूणला २०२१ ला किती गाड्या बुडाल्या ते आपण टीव्हीवर पाहिलंय. धुऊनपुसून त्या पुन्हा बाजारात येतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा, आतल्या टोकाला चिखलाची रेघ दिसते. सीटखालचे रूळ गंजलेत का बघा. डिकीतलं स्टेपनीचं भांडं उघडा. या गाड्यांचे संगणक सीटखाली, डिकीत, गालिच्याखाली असतात, पाणी तिथेच जातं. बॉनेटच्या आणि दारांच्या बोल्टवरचा रंग उडालेला असेल तर ते भाग कधीतरी उघडलेत.

पाचवं माझ्या धंद्यातलं. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं एक सॉकेट असतं. हजार-दोन हजारांचा स्कॅनर त्यात लावून फोनवर बिघाडाचे कोड वाचता येतात. पण विक्रेताही हुशार असतो, तुम्ही यायच्या आधी तो कोड पुसून ठेवतो. म्हणून एकही कोड नाही हे बघून खूश होऊ नका. त्याच स्कॅनरवर बहुतेक गाड्यांत आणखी एक आकडा दिसतो, कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली. तो आकडा बारा असेल तर समजून जा. कोड पुसला की गाडीच्या स्वतःच्या चाचण्याही अपूर्ण दाखवतात, त्या पुऱ्या व्हायला काही दिवस गाडी चालवावी लागते. साध्या स्कॅनरला बहुधा इंजिनच दिसतं. गिअरबॉक्स, एअरबॅग, सस्पेन्शन यांच्यासाठी त्या कंपनीचा स्कॅनर लागतो, म्हणून वर्कशॉपची तपासणी पैसे देऊन करून घ्याच. मालक "तिकडे नेऊ नका" म्हणाला, तर तपासणी तिथेच पूर्ण झाली असं समजा. आणि किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझायला हवा. लागलाच नाही तर तो कुणीतरी बंद करून ठेवलाय.

सहावं, सगळ्यात महत्त्वाचं. गाडीची किंमत उतरते, तिच्या स्पेअरची उतरत नाही. सात लाखांच्या जुन्या गाडीला चाळीस लाखांच्या गाडीचाच गिअरबॉक्स लागतो. "या गिअरबॉक्सचं तेल आयुष्यभर बदलावं लागत नाही" असं विक्रेता सांगतो, पण असे गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ ही कंपनी स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला तेल बदला म्हणते. माझा नियम आता असा आहे, किमतीच्या निम्मे पैसे बाजूला नसतील तर गाडी परवडत नाही. सात लाखांची गाडी म्हणजे साडेदहा लाख हवेत. शिवाय ती दुरुस्त कुठे करणार, संभाजीनगर की पुणे, आणि तिथवर नेणार कशी, याचा विचार आधी. बंद पडली तर दोर लावायचा नाही, सपाट पाठीची क्रेनगाडी बोलवायची. एवढं एक वाक्य मला २०१९ साली ग्रुपवर लिहिता आलं असतं.

बघा, यातलं अवघड काहीच नाही. बैल घेताना आपल्याकडची माणसं दात बघतात, चालवून बघतात, खांदा चाचपतात. नुसत्या झुलीवर कुणी बैल घेत नाही. ऑफिसमध्ये माझी पोरं चार ओळींचा बदल करतात तोही दुसऱ्यानं तपासल्याशिवाय मी पुढे जाऊ देत नाही. मग साडेनऊ लाखांची गाडी मी वीस मिनिटांत का घेतली?

याचं उत्तर याच शाळेत मिळालं होतं. विज्ञानाचे सर आज समोर बसलेत. सर, तुम्हाला आठवणार नाही. नववीत लंबकाचा प्रयोग होता. मी शेजारणीच्या वहीतून वाचनं आधीच उतरवून घेतली आणि मग लंबक हलवत बसले. तुम्ही वही बघितली, ते पान फाडलं आणि म्हणालात, "उत्तर आधी ठरवलंस, तर डोळ्यांना काम काय राहिलं?" मला तेव्हा रडू आलं होतं. त्या दिवशी पुण्यात गाडीसमोर मी तेच केलं. शाळेच्या फाटकासमोरचा फोटो माझ्या मनात आधीच काढून झाला होता. मग पेडल, टायर, धूर, काही दिसलंच नाही. तपासणीला जाण्याआधी स्वतःला विचारावं, ही गाडी मला बसायला हवी की दाखवायला? दाखवायला हवी असेल तर तपासणाऱ्यानं तपासून उपयोग नाही, म्हणून सोबत असा माणूस न्यावा ज्याला त्या गाडीचा मोह नाही.

आणि सर्वांत शेवटी. आपण ग्रुपवर नवीन गाडी, नवीन घर, परदेशातले फोटो टाकतो. टाकावेत, आनंदाची गोष्ट आहे. पण कुणीतरी आपल्याकडे बघून पाऊल टाकत असतं. फसलो असलो तर तेही लिहावं. शंभर अंगठे घेताना मला लाज वाटली नाही, आणि एक ओळ खरी लिहायची वाटली.

माझ्या त्या मित्राची मी माफी मागितली आहे. तो म्हणाला, "सोड गं, माझंबी डोकं होतंच की." त्याचा मोठेपणा आहे. गेल्या महिन्यात मी स्कॅनर घेऊन त्याच्या शेतावर गेले होते. इंजिन चांगलं आहे. चालू स्थितीतला जुना गिअरबॉक्स मिळतोय का ते आम्ही दोघं शोधतोय, त्यातला निम्मा खर्च माझा, हे त्यानं मोठ्या मुश्किलीनं मान्य केलंय.

तुमच्यापैकी कुणी जुनी गाडी बघायला जाणार असेल तर मला फोन करा. जमलं तर मी येईन, नाही तर व्हिडिओवर बघेन. अण्णा आता ऐंशीच्या घरात आहेत, गुडघे दुखतात, पण गाडी बघायची म्हटलं की तेही येतील. फक्त वेळ सकाळची ठेवा.